तहाच्या कागदाबाहेर राहिलेली वसुली

चौकहून पनवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजव्या हाताला इर्शाळचा सुळका आणि त्यापलीकडे प्रबळगडाचा लांबट डोंगर दिसतो. १८१८ मध्ये पेशवाई संपवून दख्खन ताब्यात घेणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीला दहा वर्षांच्या आत याच डोंगराने एक अवघड पेच घातला. १८२७ च्या सुमारास पुरंदर भागातील रामोशांचे पुढारी उमाजी नाईक काही काळ आपल्या माणसांसह प्रबळगडावर राहिले आणि सारा कंपनीकडे न भरता आपल्याकडे भरावा, असे त्यांनी आसपासच्या गावांना कळवले. ज्या सरकारने बाजीरावाची फौज मोडली होती, त्याच सरकारने पुढे त्यांना माफी, पगार, जमीन आणि बंदोबस्ताचे काम देऊन समेट केला. तो समेट टिकला नाही. उमाजी पुन्हा बंडात उतरले, १५ डिसेंबर १८३१ रोजी पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

हे कोडे केवळ त्या काळाचे नाही. सशस्त्र गटाशी बोलणी सुरू होतात, शस्त्रसंधी जाहीर होते, छायाचित्रांत हस्तांदोलने दिसतात, आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत सारे पुन्हा विस्कटते. असे झाले की विचारसरणीचा हट्ट, नेत्यांचा अहंकार किंवा परस्परांविषयीचा अविश्वास ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नसतात. मात्र संघर्ष चालू असताना उभी राहिलेली बेकायदा कमाई, तिच्यावर जगणारी माणसे आणि त्या कमाईविषयी तहाच्या कागदाने पाळलेले मौन, या कारणाचा विचार फारच थोडा होतो. शांतता बोलण्यांवर संघटित गुन्हेगारीचा परिणाम कोणत्या वाटांनी होतो, हे समजून घेण्यासाठी प्रबळगडापासून गडचिरोलीपर्यंत आणि रायगडच्या किनाऱ्यापासून कोलंबियापर्यंतची उदाहरणे शेजारी ठेवून पाहावी लागतात.

राखणीचा हक्क आणि दरोड्याचा गुन्हा

पेशवाईच्या काळात रामोशी हे गावांचे आणि गडकोटांचे राखणदार होते. राखणीच्या बदल्यात गावाने त्यांना ठरावीक हक्क द्यायचा आणि चोरी झालीच तर त्यांनी माग काढून द्यायचा, अशी ती जुनी व्यवस्था होती. कंपनीच्या राज्यात किल्ल्यांवरच्या नेमणुका गेल्या, वतने आक्रसली, आणि कालपर्यंत जो हक्क म्हणून मिळत होता तो मागणे नव्या कायद्याच्या दृष्टीने दरोडा ठरले. उमाजी नाईकांना आजच्या गुन्हेगारी टोळ्यांच्या रांगेत बसवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. महाराष्ट्र त्यांना आद्य क्रांतिवीर मानतो आणि परक्या सरकारला सारा देऊ नका, असे जाहीरपणे सांगणाऱ्या माणसाला तो मान शोभतो. तरीही त्या समेटात पुढाऱ्याला पगार मिळाला आणि गावांकडून कोणी, किती आणि कशाच्या बदल्यात घ्यायचे, हा मूळ प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला, हे नजरेआड करता येत नाही. सरकारी चाकरीत असतानाही उमाजी गावांकडून वसुली करतात, अशी तक्रार कंपनीच्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवली आहे. एका बाजूला जो हक्क वाटत होता तो दुसऱ्या बाजूला गुन्हा वाटत होता, आणि समेटाने त्याचा निवाडा केलाच नव्हता.

आजच्या कायद्यातही ही सीमारेषा वाटते तितकी स्वच्छ नाही. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे १९९९ चा मकोका, संघटित गुन्ह्याची व्याख्या करताना आर्थिक किंवा अन्य गैरवाजवी लाभासाठी टोळीने हिंसेच्या, धमकीच्या किंवा जबरदस्तीच्या मार्गाने सातत्याने केलेली बेकायदा कृत्ये असा अर्थ सांगतो, आणि त्याच व्याख्येत बंडाला चालना देण्याच्या हेतूचाही समावेश करतो. पैशासाठी चाललेली टोळी आणि सत्तेसाठी चाललेले बंड एकमेकांत मिसळतात, हे विधिमंडळाने या व्याख्येत मान्य केले आहे.

[चौकट: लेखातील काही संज्ञा
शस्त्रसंधी: दोन्ही बाजूंनी ठरावीक काळासाठी हल्ले थांबवण्याचा करार, यात मूळ वाद मिटलेला नसतो.
खंडणी: इजा किंवा नुकसान करण्याची भीती दाखवून घेतलेला पैसा; घेणारा गट तिला अनेकदा कर, निधी किंवा वर्गणी म्हणतो.
सर्वक्षमा: संघर्षाच्या काळातील राजकीय गुन्ह्यांबद्दल खटले न भरण्याचे शासनाचे वचन.
निःशस्त्रीकरण: सशस्त्र गटाने साक्षीदारांसमोर हत्यारे जमा करणे किंवा नष्ट करणे.]

सात-बाऱ्यावर नसलेली विहीर

खालापूर-कर्जतच्या कोणत्याही गावात भावाभावांची वाटणी पाहिलेल्या माणसाला शांतता बोलण्यांतील ही अडचण लगेच कळेल. सात-बाऱ्यावरची जमीन गुंठ्यागुंठ्याने मोजून वाटली जाते, पंच सह्या करतात आणि सगळे समाधानाने उठतात. पण बांधावरच्या विहिरीची कागदावर नोंद नसते, थोरला भाऊ गेली दहा वर्षे तिचे पाणी शेजाऱ्यांना विकत असतो, आणि पहिला उन्हाळा येताच वाटणी मोडते. शांतता बोलण्यांत प्रदेश, स्वायत्तता, कैद्यांची सुटका, हत्यारे असे दिसणारे विषय मांडले जातात, आणि ज्या विहिरीवर संघर्षातली माणसे प्रत्यक्ष जगतात तिच्याविषयी कोणीच बोलत नाही, कारण ती आपल्याकडे आहे हे मान्य करणे दोन्ही बाजूंना गैरसोयीचे असते.

या मौनाचा पहिला परिणाम असा की, ज्यांना युद्धातून मिळकत होते त्यांना शांततेत तोटा दिसतो. असे लोक फक्त बंडखोरांत नसतात. नाक्यावर गाडी सोडण्यासाठी पैसे घेणारा शिपाई, दोन्हीकडे हात ओले करून काम चालू ठेवणारा ठेकेदार आणि मतांसाठी टोळीची मदत घेणारा पुढारीही त्यांत मोडतो. दुसरा परिणाम अधिक खोलवर जाणारा आहे. स्थानिक तुकडी जोपर्यंत वरून येणाऱ्या पैशावर आणि दारूगोळ्यावर अवलंबून असते, तोपर्यंत नेत्याचा शब्द तिच्यावर चालतो. पण ती आपल्या भागातल्या वसुलीवर जगू लागली की, बोलण्यांत बसलेल्या नेत्याची सही तिला बांधून ठेवू शकत नाही. समोरच्या पक्षाला वाटते की नेत्याने फसवले, आणि प्रत्यक्षात नेत्याकडे देण्यासारखे फारसे उरलेलेच नसते.

गडचिरोलीतील तेंदूचा हंगाम

महाराष्ट्रात ही प्रक्रिया सर्वांत स्पष्टपणे गडचिरोलीत दिसते. १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवादी दले गोदावरी ओलांडून या जंगलात आली, तेव्हा त्यांना गावांत जागा मिळाली ती तेंदूपत्त्याच्या आणि बांबूच्या मजुरीमुळे. एप्रिल-मे महिन्यांत आदिवासी कुटुंबे पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडतात, सत्तर पानांचा पुडा बांधतात, आणि फळीवर, म्हणजे पुडे मोजून वाळत घालण्याच्या जागी, शेकड्याच्या हिशेबाने मजुरी घेतात. ठेकेदार या मजुरीत लुबाडणूक करत, वनखात्याचे कर्मचारी त्यांना पाठीशी घालत, आणि दलांनी दमदाटी करून दर वाढवून घेतले, तेव्हा ज्यांच्या बाजूने कधी कोणी उभे राहिले नव्हते अशा लोकांना तो न्याय वाटला. त्या काळातील शोषण खरे होते, आणि ते विसरून या संघर्षाविषयी केलेले कोणतेही विवेचन अपुरे ठरेल.

पण दर वाढवून घेणाऱ्या दलाने ठेकेदाराला हाकलले नाही. त्याने ठेकेदाराकडून आपला वाटा घेण्यास सुरुवात केली. तेंदूचा ठेका, बांबूची तोड आणि रस्त्याचे काम यांवर ठरावीक रक्कम बसवली गेली, आणि न देणाऱ्याची यंत्रे जाळली गेली. ठेकेदार तो खर्च कामाच्या दर्जातून किंवा मजुरीतून वसूल करत असे, म्हणजे शेवटी पैसा पाने तोडणाऱ्याच्याच घामाचा होता. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ रस्तेकामाची अनेक वाहने जाळण्यात आली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक मरण पावले. यंत्रे जाळणे आणि माणसे मारणे या दोन कृती एकाच दिवसात, एकाच परिसरात घडल्या, यावरून वसुलीचे आणि युद्धाचे नाते किती घट्ट होते हे कळते.

अशा परिस्थितीत बोलणी कशी होतात, याचा धडा शेजारच्या आंध्र प्रदेशात २००४ मध्ये मिळाला होता. राज्य सरकारने बंदी उठवली, शस्त्रसंधी पाळली गेली, ऑक्टोबर महिन्यात हैदराबादेत प्रत्यक्ष चर्चेची फेरी झाली, आणि जमिनीच्या फेरवाटपासारखे खरे प्रश्न मांडले गेले. शस्त्रसंधीच्या काळात दलांनी हत्यारांसह गावांत फिरायचे की नाही आणि निधी गोळा करायचा की नाही, या बाबी मात्र वादाच्याच राहिल्या आणि जानेवारी २००५ पर्यंत बोलणी मोडली. हत्यार जवळ ठेवून मागितलेली वर्गणी ऐच्छिक कशी असेल, असे सरकारचे म्हणणे. आणि निधी बंद केला तर संघटना जगणार कशी, असे नक्षलवाद्यांचे. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच हा विषय पहिल्याच दिवशी, पर्यायी व्यवस्थेसह, चर्चेला घ्यायला हवा होता.

२०२५ मध्ये नेता आणि तुकडी यांच्यातील अंतर उघडपणे समोर आले. माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी ‘अभय’ या प्रवक्त्याच्या नावाने हत्यारे खाली ठेवण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या तेलंगणा समितीने ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगून अंग काढून घेतले. पक्षाच्या केंद्रीय समितीतला इतका ज्येष्ठ माणूस संपूर्ण संघटनेच्या वतीने शब्द देऊ शकला नाही. अखेर १५ ऑक्टोबर २०२५ रोजी ६० सहकाऱ्यांसह त्यांनी गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शरणागती पत्करली. ती शरणागती होती, तह नव्हता. संपूर्ण पक्षाच्या वतीने तह करू शकेल असा कोणी उरला नव्हता, हे त्याचे एक मोठे कारण.

कर म्हणावे की खंडणी

नागालँडमध्ये अडचण याच्या उलट टोकाची आहे. तिथे १ ऑगस्ट १९९७ पासून एनएससीएन या नागा बंडखोर संघटनेच्या आयझॅक-मुइवा गटाशी शस्त्रसंधी आहे, ३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत चौकट करारावर सह्या झाल्या, आणि एवढ्या दीर्घ काळात बंदुका बहुतांशी शांत राहिल्या. वसुली मात्र शांत राहिली नाही. व्यापारी, ट्रकमालक आणि सरकारी नोकर यांच्याकडून एकाहून अधिक गट पैसे घेत राहिले, आणि गट फुटत गेले तसे मागणारे हात वाढत गेले. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी दिमापूरच्या सामान्य नागरिकांनी मोठी सभा घेऊन एकच सरकार आणि एकच कर अशी मागणी केली. शस्त्रसंधीखाली जगणाऱ्या माणसांनी वसुलीविरुद्ध असे उभे राहणे हे धैर्याचे काम होते आणि देशात त्याची फार कमी दखल घेतली गेली.

१६ जून २०२० रोजी राज्यपाल आर. एन. रवी यांनी मुख्यमंत्री नेफियू रिओ यांना पत्र लिहून राज्यात सशस्त्र टोळ्या समांतर सरकार चालवत असून सर्रास खंडणी घेत आहेत, असे नमूद केले. हेच रवी केंद्र सरकारच्या वतीने बोलणी करणारे मध्यस्थही होते. ज्या गटाशी चर्चा चालू होती त्याला या पत्रात आपल्याला टोळी ठरवले गेल्याचे दिसले. आपण घेतो तो नागा राष्ट्राचा कर आहे, असे त्याने ठणकावले आणि मध्यस्थ बदलण्याची मागणी केली. २०२१ मध्ये रवी यांची बदली तामिळनाडूला झाली. राज्यपालांचे म्हणणे खोटे होते असे म्हणता येत नाही. पण तेवीस वर्षे चालू दिलेल्या गोष्टीला अचानक गुन्हा म्हटले की बोलणी करणाऱ्याचा विश्वास जातो, आणि गुन्हा म्हटलेच नाही तर सामान्य माणसाचा जातो. शस्त्रसंधीच्या नियमांत सुरुवातीलाच वसुलीची देखरेख पक्की केली नाही, तर पुढे हा पेच सुटत नाही.

बेलफास्टमधील एक दरोडा

उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या शांतता करारानंतरही आयरिश रिपब्लिकन आर्मीची हत्यारे पूर्णपणे जमा झाली नव्हती. २० डिसेंबर २००४ रोजी बेलफास्टच्या नॉर्दर्न बँकेवर २ कोटी ६५ लाख पौंडांचा दरोडा पडला आणि जानेवारीत पोलीसप्रमुखांनी त्याचा ठपका याच संघटनेवर ठेवला; संघटनेने तो नाकारला. सत्तेत सहभागाची चर्चा गोठली. मात्र ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी बोलणी तोडली नाहीत. संघटनांच्या गुन्हेगारी कृत्यांवर नियमित अहवाल देणारा स्वतंत्र देखरेख आयोग आधीच नेमलेला होता आणि त्याच्या अहवालांनी दबाव वाढवत नेला. २८ जुलै २००५ रोजी संघटनेने सशस्त्र लढा संपल्याचे जाहीर केले, त्याच वर्षी हत्यारे नष्ट झाली, आणि मे २००७ मध्ये संयुक्त सरकार आले. बंदूक आणि कमाई या दोहोंवर लक्ष ठेवणारी तिसरी नजर असेल, तर गुन्ह्याचा धक्का बोलण्यांना पचवता येतो.

शेखाडीचा किनारा आणि आग्र्याची परिषद

रायगड जिल्ह्याने या प्रश्नाची आणखी एक बाजू सोसली आहे. श्रीवर्धन परिसरातील खाड्यांतून सोने-चांदी उतरवण्याचा धंदा जुना होता. उतरवून घेणारे, माल वाहणारे, आणि डोळे मिटून घेण्याचे पैसे घेणारे पोलीस व सीमाशुल्क कर्मचारी अशी त्याची सगळी साखळी तयार होती. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे याच साखळीतून शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले, आणि १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या स्फोटांत २५७ माणसे मेली. चांदीसाठी विकत घेतलेली वाट स्फोटकांसाठी वेगळी उघडावी लागली नाही. पुढे न्यायालयाने तस्करांबरोबर काही पोलीस आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले.

या स्फोटांतील एक प्रमुख आरोपी, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा टोळीप्रमुख दाऊद इब्राहिम, देशाबाहेर होता आणि पुढे दोन राष्ट्रांमधल्या बोलण्यांचा विषय झाला. जुलै २००१ मध्ये आग्रा शिखर परिषदेच्या आदल्या दिवशी तत्कालीन गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी यांनी दिल्लीत पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांच्याकडे त्याला सोपवण्याची मागणी केली आणि तो पाकिस्तानात नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. परिषद निष्फळ ठरली ती प्रामुख्याने काश्मीरवरून, हे खरे. तरीही एका तस्कराला आश्रय आहे की नाही, याचे सरळ उत्तर न मिळणे हे समोरच्या राज्यकर्त्याच्या शब्दाचे मोल कमी करणारे होते. डिसेंबर २००१ मध्ये भारताने दिलेल्या वीस आरोपींच्या यादीत त्याचे नाव होते. राज्यसंस्था टोळीचा उपयोग हत्यार म्हणून करू लागली की ती टोळी सोडून देणे तिला अवघड होते, कारण सोडून देण्यासाठी आधी ती आपल्याकडे होती हे कबूल करावे लागते.

कोलंबियाने विषय मांडला

याच्या उलट वाट कोलंबियाने धरली. फार्क ही बंडखोर संघटना कोका पिकावर आणि त्यापासून होणाऱ्या कोकेनच्या व्यापारावर कर घेऊन अनेक दशके लढत होती. २०१२ मध्ये हवानात बोलणी सुरू झाली तेव्हा अमली पदार्थांचा प्रश्न हा विषयपत्रिकेतला स्वतंत्र मुद्दा होता आणि मे २०१४ मध्ये त्यावर सहमतीही झाली: शेतकऱ्यांना पर्यायी पिकांसाठी मदत द्यायची. पुढच्या बोलण्यांत ठरले की जो व्यापार बंडाच्या खर्चासाठी झाला तो सर्वक्षमेच्या कक्षेत घ्यायचा, पण स्वतःची संपत्ती वाढवण्यासाठी केलेला गुन्हा घ्यायचा नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये अंतिम करार झाला आणि पुढच्या वर्षी फार्कने संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली हत्यारे दिली.

या कराराला पूर्ण यश मिळाले नाही. फार्कने सोडलेल्या खोऱ्यांत शासनाच्या शाळा, रस्ते आणि पीक खरेदी वेळेवर पोहोचली नाही. तिथे दुसऱ्या टोळ्या आणि फार्कमधूनच फुटलेले गट पोहोचले आणि कोकाची लागवड पुन्हा वाढली. तरीही कमाईचा प्रश्न मांडल्यामुळे संघटनेचा मोठा भाग एकत्रितपणे बाहेर पडू शकला, आणि कोणत्या गुन्ह्याला माफी आहे व कोणत्याला नाही, हे दोघांनाही आधीच ठाऊक होते.

हत्यारांची मोजदाद आणि हिशेबांची

गडचिरोलीत आता तह करण्याची वेळ निघून गेली असली, तरी विहिरीचा प्रश्न जिवंत आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी तेंदू आणि बांबू यांसारख्या गौण वनोपजावरील हक्क ग्रामसभांना दिला. २०११ मध्ये मेंढा-लेखा या गावाने स्वतः बांबू विकण्याचा अधिकार मिळवून तो प्रत्यक्ष वापरता येतो हे दाखवले, आणि त्यानंतर अनेक ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतः केले. ज्या पैशासाठी ठेकेदार, कर्मचारी आणि दल यांची साखळी जमली होती, तो पैसा उघड लिलावात बोली लागून गावाच्या बँकखात्यात जमा होतो, तेव्हा खंडणी मागणाऱ्याचा आधारच निसटतो. दलाने एके काळी धमकीने जे मजुरांना मिळवून दिले, ते कायद्याने आणि गावाच्या ठरावाने मिळणे, हाच त्या संघर्षाचा सन्मान्य शेवट आहे.

ही व्यवस्था आपोआप टिकणार नाही. बंदूक गेलेल्या भागात खाणी, रस्ते आणि वाहतूक यांची मोठी कामे येत आहेत आणि त्यांच्याबरोबर नवे मध्यस्थ, नवे दलाल येतील. शरणागतीच्या दिवशी जमा झालेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद झाली. तितक्याच काळजीने प्रत्येक ग्रामसभेच्या तेंदू लिलावाचा, ठेकेदाराने दिलेल्या रकमेचा आणि मजुरांच्या खात्यात पडलेल्या पैशाचा हिशेब पुढच्या हंगामापासून गावाच्या भाषेत, गोंडीत आणि मराठीत, सभेपुढे वाचून दाखवला जावा, आणि तो वाचून दाखवला नाही तर त्याची विचारणा जिल्हाधिकाऱ्यांकडे व्हावी.